प्लेटची पारी

शूबाई स्वतः गाडी चालवत आल्या, पण गल्लीत पूजेची टेबलं मांडलेली होती, त्यामुळे त्यांना गाडी आत घ्यायला वाटच मिळेना. चांद्र महिन्याची सोळावी तिथी, दुकानदारांच्या पूजेचा दिवस. प्रत्येक दुकानापुढे टेबल, टेबलावर फळं, बिस्किटांचे पुडे, उदबत्त्या. शेजारच्या आ-होंगनं तर स्कूटरचं चाक अर्धवट सोडून पत्र्याच्या पिंपात देवाला पोचवायच्या कागदी नोटा जाळायला घेतल्या होत्या. माझे सासरे, आ-पा, आमचं टेबल बाजूला करायला वाकले आणि खांद्यातून कळ आल्यावर तसेच थांबले. वेन-थाओनं, माझ्या नवऱ्यानं, दुसरी बाजू धरली.

मी माझ्या लेकीला, पाओ-पाओला, छातीशी बांधून आतल्या दारात उभी होते. सासूबाई देवळाच्या मंडळाबरोबर दक्षिणेला गेल्या होत्या, त्यामुळे पोर दिवसभर आमच्या गाड्या पॉलिश करायच्या दुकानातच. धूर तिच्या नाकात जातोय का, पेस्टचा वास तिला लागतोय का, तिचा श्वास नीट चाललाय का, हे मी एकीकडे बघतच होते. या पोरीच्या जन्मापासून माझं एक मन सतत तिच्या नाकपुड्यांवर असतं. उरलेल्या मनानं त्या दिवशी मी नवऱ्याचे हात बघत होते.

"वेन-थाओ," शूबाई गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या, "केस वाढलेत तुझे."

"हो बाई."

त्यांनी त्याला तिसरीत शिकवलं होतं. युआनलिनमधल्या निम्म्या गावाला त्यांनी तिसरीत शिकवलंय. आ-पासुद्धा त्यांना बाईच म्हणतात.

गाडी काळी, जुनी, लांबलचक. मुलगा जन्मला त्या वर्षी बाईंच्या मिस्टरांनी घेतलेली. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण गाडीचा रंग कारखान्यातून आला तोच होता, कुठेही दुसरा हात मारलेला नव्हता. उद्या त्याच मुलाचं लग्न. भाड्याची पांढरी जर्मन गाडी नको, नवरी याच गाडीतून घरी यायची, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. अडचण टपाची होती. मागच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नात हीच गाडी पुढे होती. टपावर रीतीप्रमाणे मुळापानांसकट हिरवा बांबू बांधलेला, टोकाला अपशकुनी वाघाला गुंतवून ठेवायला डुकराच्या मांसाचा तुकडा. बांधणाऱ्यानं खाली कापड घातलं नाही. बांबूच्या मुळांनी वाटभर टप घासत नेला.

"रंगच मारायचा असता तर मी रंगाऱ्याकडे गेले असते," बाई म्हणाल्या. "मला हाच रंग हवाय. संध्याकाळी पाचला माझा भाऊ येणार, फिती आणि बांबू बांधायला."

"होईल," आ-पा म्हणाले.

वेन-थाओनं टपावरून बोट फिरवलं.

त्यानं होकार का भरला नाही, हे मला ठाऊक होतं. मागच्या महिन्यात त्याच्या हातून एका पांढऱ्या गाडीचं बॉनेट गेलं होतं. पॉलिशचं मशीन फिरता फिरता कडेजवळ वरचा पारदर्शक थर निघाला आणि खालचा रंग मेल्यासारखा दिसायला लागला. आ-पांनी गिऱ्हाइकासमोर त्याच्या हातातून मशीन काढून घेतलं आणि म्हणाले, "दाबतोस. तू लहानपणापासून दाबतोस." त्यानंतर मोठं काम आ-पाच करायचे. मग त्यांचा खांदा धरला. आदल्या रात्री जेवताना वेन-थाओनं भातात काड्या फिरवत मला सांगितलं होतं, "हा टप बिघडला तर मी शिनचूला जातो. मेहुणा कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात लावून देतोय. बारा तासांची पाळी आहे, पण तिथे माझ्या हातून कुणाची गाडी तरी जाणार नाही." मी विचारलं, "आणि आम्ही?" तो म्हणाला, "सुट्टीला येईन ना."

म्हणजे त्या काळ्या टपावर केसापेक्षा पातळ जो थर होता, त्यावर उद्याचं लग्न होतं आणि माझा संसारही होता. बाईंना यातलं फक्त लग्न माहीत होतं.

वेन-थाओनं गाडी धुतली, टप पुसला, रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र जागोजागी टेकवलं. मधे आकडे बरे होते. टपाच्या दोन्ही बाजूंना पुढून मागे जाणारी उंच धार आहे, तिथे आकडे उतरले. धारेवर रंग नेहमीच पातळ बसतो. त्यानं दोन्ही धारांवर निळी कागदी टेप लावली, काचेच्या रबरावरही लावली. मग तो पॅड आणायला बाहेर गेला.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. हातात तारेची जाळी, जाळीवर नव्या मध्यम फोमची पॅड. आदल्या संध्याकाळी त्यानं ती धुऊन पुढच्या छपराखाली वाळत घातली होती. सोळावी तिथी त्याच्या ध्यानातच नव्हती. आता सगळ्या पॅडवर राख बसली होती, आणि राखेत नोटांवरच्या सोनेरी पत्र्याचे कण चमकत होते.

"झटक ना," आ-होंग पिंपाजवळून म्हणाला. "देवाची राख आहे, पॉलिश आणखी चढेल."

"तुझ्या दातांवर चढव," आ-पा म्हणाले. मग पोराकडे वळून हळू आवाजात, "तिथीला बाहेर? फोम वाळत घालतात तिथीला?"

"विसरलो."

"सध्या तू काय विसरत नाहीस ते सांग."

फोमच्या भोकांत शिरलेला पत्रा पाण्यानं निघत नाही. काळ्या रंगावर असलं पॅड फिरवणं म्हणजे वाळूनं भांडी घासणं. नवा माल ताइचुंगहून येतो, तोही दुसऱ्या दिवशी. मी तरी फोन करून पाहिला. "उद्या सकाळी," तिकडचा माणूस म्हणाला.

शूबाई स्टुलावर बसून चहा पीत होत्या. त्यांच्या कानावर सगळं जात होतं, पण चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईचा चेहरा तो.

"माझ्याकडे आहेत," आ-पा म्हणाले. ते आत गेले आणि सणातल्या चंद्रकेकचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात त्यांची स्वतःची पॅड असतात. धुतलेली, वाळवलेली, वर्षानुवर्षं जपलेली. रोज रात्री बातम्या बघताना हा डबा त्यांच्या मांडीवर असतो. कुठल्या पॅडची कड झिजून दशा सुटल्या की ते कात्रीनं गोल कापून काढतात. "अजून दोन गाड्या निघतील," असं प्रत्येक पॅडला म्हणतात. नखं कापावीत तसं त्यांचं ते चालतं, आणि चष्मा मात्र शर्टाच्या खिशात.

त्यांनी दोन पॅड निवडून वेन-थाओच्या हातात दिली. "मोठं मशीन, मोठी प्लेट, हे पॅड. टप सपाट आहे, मोठ्यानं लवकर उरकेल. आणि दाबू नकोस."

"तिसरीत पण दाबायचा," शूबाई म्हणाल्या. "पेन्सिलीनं कागदाच्या पलीकडे ठसे उठायचे. मी म्हणायचे, वेन-थाओ, बाक नाही कोरायचा, वहीत लिहायचंय."

आ-पा हसले. आ-होंगही हसला. वेन-थाओ हसला नाही. त्यानं मशीन उलटं धरलं, प्लेटवर पॅड टेकवलं, वेल्क्रोचा चरचर आवाज झाला. पॅड मधोमध बसलंय का हे बघायला त्यानं ते बोटानं एकदा फिरवलं.

हे मशीन घरात रोज दिसतं, त्यामुळे मला एवढं कळतं. मशीनला खालून एक टणक चकती असते, ती प्लेट. प्लेटवर फोमचं पॅड चिकटतं. रंगाला फोम लागला पाहिजे, प्लेट कधीच लागता कामा नये. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्या आठवड्यात आ-पांनी मला बाजारात बा-वान खायला नेलं होतं, आणि तो सारण भरलेला पारदर्शक गोळा काडीनं टोचत म्हणाले होते, "पॉलिशचं सगळं शास्त्र यात आहे, पोरी. प्लेट म्हणजे सारण, पॅड म्हणजे पारी. पारी सगळीकडून सारणापेक्षा मोठी हवी. सारण दिसलं की बा-वान बिघडला." कॉलेजात मी ग्रंथपालन शिकले, चार वर्षं. त्यातलं फारसं काही आठवत नाही. हे मात्र आठवतं.

आणि मला सारण दिसत होतं.

आधी वाटलं, माझ्या डोळ्यांना भास होतोय. मी नको तिथे नको ते बघते, असं घरात सगळेच म्हणतात. पाओ-पाओच्या पापणीवर लाल ठिपका दिसला म्हणून मी तिला भर दुपारी दवाखान्यात नेलं होतं, तो तुतीचा डाग निघाला. म्हणून मी दोन पावलं पुढे झाले. पाओ-पाओनं माझी वेणी तोंडात घेतली होती. पॅड गोल होतं, नीट कापलेलं, सुबक. पण प्लेटच्या काळ्या कडेबाहेर फोमचा जो काठ यायला हवा, तो एका बाजूला नखाएवढाच उरला होता, आणि दुसऱ्या बाजूला नव्हताच. तिथे प्लेटची कड उघडी होती.

तेव्हा मला मागच्या महिन्यातलं बॉनेट आठवलं. ते मी जवळून पाहिलं होतं. गिऱ्हाईक ओरडत असताना मी पोरीला घेऊन कोपऱ्यात उभी होते आणि त्या डागाकडेच बघत होते, दुसरीकडे बघवत नव्हतं म्हणून. दाबून जळलेला डाग पसरट असतो, धुकट, असं आ-पाच सांगतात. तो डाग तसा नव्हता. बारीक होता, वाकडा, पाओ-पाओच्या नखाच्या तुकड्यासारखा. चंद्रकोर. आणि त्या दिवशीही पॅड याच डब्यातलं होतं, कारण नवी तेव्हा आलीच नव्हती.

वेन-थाओ पेस्टचे ठिपके पॅडवर टाकत होता.

बोलायचं कसं? सासऱ्यांच्या कात्रीमुळे बॉनेट गेलं आणि आळ पोरावर आला, हे सुनेनं म्हणायचं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर, शेजाऱ्यासमोर, सगळ्या गावाच्या बाईंसमोर? वेन-थाओला बाजूला बोलवावं, तर तो विचारेल, तुला काय कळतं त्यातलं. आणि खरंच, मला कितीसं कळतं? माझं चुकलं असेल तर मी त्याच्या उरल्यासुरल्या धीराची माती करणार. त्यानं मशीन टपावर टेकवलं. अजून चालू केलेलं नव्हतं. चालू करण्याआधी तो नेहमी एक श्वास घेतो. तो श्वास मी ओळखते.

"आ-पा," मी म्हणाले. आवाज माझा मलाच बारीक वाटला. "सारण दिसतंय."

कुणाला काही कळलं नाही. आ-होंगला वाटलं मी जेवणाचं बोलतेय. "बा-वान मागवलेत का?" त्यानं विचारलं.

आ-पांना कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. "काय दिसतंय?"

"प्लेटची कड. डावीकडे."

"चिकटवताना सरकलं असेल. वेन-थाओ, नीट लाव."

वेन-थाओनं पॅड काढलं, पुन्हा लावलं. आता उघडी बाजू उजवीकडे आली. त्यानं मान खाली घालून बघितलं आणि तसाच राहिला.

"फोम दबतो म्हणून तसं दिसतं," आ-पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सपाट झाला होता, आणि तो आवाज मला जास्त घाबरवतो. "चाळीस वर्षं मी याच पॅडवर गाड्या काढल्या. युन-रू, पोरीला घेऊन आत जा. धूर आहे इथे."

मी आत गेले. मला जायला सांगितलं म्हणून गेले. पण आत पाळण्याशेजारी पावडरचा डबा होता, तो घेऊन मी परत आले.

दुकानाच्या कोपऱ्यात लाकडी घोड्यावर एक जुनं काळं बॉनेट ठेवलेलं असतं. भंगारातून आणलेलं, हात बसवायला. त्याच्यावर मी पाओ-पाओची पावडर भुरभुरली. ती पातळ, सारखी पसरली. मग वेन-थाओसमोर जाऊन हात पुढे केला. त्यानं काही न विचारता मशीन माझ्या हातात दिलं. जड होतं. मधे पोर, तिच्यावरून हात लांब करून मी मशीन थोडं कलतं धरलं, कडेजवळ काम करताना तो धरतो तसं, आणि पॅड पावडरवर हलकेच टेकवून उचललं. मला दाबताच येत नव्हतं. पोर मधे असताना कोण दाबणार?

पावडरवर फोमचा मऊ गोल ठसा उठला. आणि त्याच्या कडेला एक स्वच्छ, काळी, बारीक रेघ. वाकडी. चंद्रकोर.

पाओ-पाओ शिंकली.

आ-होंगच्या पिंपात कागद तडतडत होते. आ-पा जवळ आले. खिशातून चष्मा काढला, घातला, वाकले. बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. वेन-थाओही बघत होता, पण तो रेघेकडे नव्हे, वडिलांच्या मानेकडे बघत होता. मला वाटलं, आता एक तर आ-पा मला घराबाहेर काढतील, नाहीतर तो बोलेल, महिनाभराचं सगळं बोलेल, बाईंसमोर.

त्यानं तसं काही केलं नाही. त्यानं माझ्या हातातून मशीन घेतलं, पॅड सोडवलं आणि ते डब्यात नीट परत ठेवलं.

आ-पा सरळ उभे राहिले. "लहान प्लेट लाव मग या मशीनला," ते म्हणाले. "पारी मिळेल."

"नको आ-पा." इतक्या दिवसांत त्यानं त्यांना 'नको' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "या मशीनचं आतलं वजन मोठ्या प्लेटसाठी जुळवलेलं आहे. लहान लावली की ते थरथरतं. मधे चालेल, धारेजवळ आवरणार नाही. मी छोटं मशीन घेतो. त्याची छोटी पॅड कपाटात आहेत, नवी, कोरी. त्यांना हातही लागलेला नाही."

"गाडीचे आरसे घासायच्या मशीननं आख्खा टप? पाच वाजतील."

"वाजू देत."

आ-पांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. "पाचला माझा भाऊ येतो," त्या म्हणाल्या, "म्हणजे साडेपाचला. लहानपणापासून."

मग सुरू झालं.

त्या दुपारचं फार सांगता येणार नाही, कारण तसं पाहिलं तर काहीच घडलं नाही. एक माणूस तळहाताएवढं पॅड घेऊन काळ्या टपावर हातरुमालाएवढा तुकडा धरायचा, उभं, आडवं, पुन्हा उभं, पुसायचं, दिवा तिरका धरून बघायचं, पुढचा तुकडा. पण मी आयुष्यात एवढ्या ताणानं काही बघितलं नसेल. मशीनचा आवाज जरा बदलला की माझा जीव खालीवर. त्यानं त्या छोट्या प्लेटांमध्येही दोन बघितल्या. एक कडक होती, एक मऊ कडेची, बोटानं दाबली की वाकणारी. मधल्या सपाट भागाला त्यानं कडक घेतली, कारण ओरखडे तिथे जास्त होते आणि रंगही जाड होता. धारेकडे उतरायला लागला तेव्हा थांबला, मऊ लावली, पॅडही अधिक मऊ, पिवळं. ती बदलताना त्यानं मला पॅड दाखवलं, प्लेटबाहेर फोमचा काठ चहूकडून बोटभर. मी मान हलवली. यापूर्वी त्यानं मला कधी काही दाखवलं नव्हतं.

"गरम झालंय का बघ," एकदा तो म्हणाला. त्याच्या हातमोज्यांतून कळत नव्हतं. मी हाताची मागची बाजू टपाला लावली, पाओ-पाओच्या कपाळाला लावते तशी.

"अंगात कणकण आहे," मी म्हणाले. "ताप नाही."

तो पहिल्यांदा हसला. तरी त्यानं पॅड बदललं.

आ-पा सगळा वेळ त्या जुन्या बॉनेटपाशी लहान स्टुलावर बसून होते. मला वाटलं रागावून बसलेत. मी पोरीला भात भरवायला आत जाता जाता बघितलं, तर त्यांच्या मांडीवर चंद्रकेकचा डबा. मोठ्या मशीनला ते एकेक पॅड लावत होते, दुखऱ्या खांद्यानं मशीन कसंबसं कलतं धरून पावडरीवर टेकवत होते, ठसा बघत होते. मग फडक्यानं ठसा पुसायचा, पावडर पुन्हा भुरभुरायची, पुढचं पॅड. पाओ-पाओची पावडर निम्मी संपली होती. चंद्रकोर उठलेली पॅड डावीकडे. उजवीकडे काहीच नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळा टप झाला होता, एक जागा सोडून. बांबूचा सगळ्यात खोल ओरखडा पुढच्या काचेजवळ डावी धार ओलांडून गेला होता. वेन-थाओनं टेप काढली, यंत्र टेकवलं. आकडा वाचला. पुन्हा टेकवलं. मी त्याच्या खांद्यावरून बघितला. उरलेल्या टपाच्या निम्मासुद्धा नव्हता.

तो छोटं मशीन हातात धरून उभा राहिला. मऊ प्लेट, मऊ पॅड, सगळं बरोबर होतं. दोन हात फिरवले असते तर ओरखडा कदाचित गेला असता. कदाचित. बाहेर आ-होंगनं पिंपावर झाकण टाकलं. आ-पा आपल्या स्टुलावरून बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर 'फिरव' होतं की 'थांब' होतं, हे मला ओळखता येईना. मी पाओ-पाओचा तळवा घट्ट धरला होता, इतका की ती कुरकुरली.

वेन-थाओनं मशीन खाली ठेवलं.

"बाई, जरा बघता?"

शूबाई उठल्या. दिव्याखाली तो टप असा दिसत होता की त्यात वरच्या पत्र्याचे खिळे मोजता यावेत. त्यात ती एकच रेघ.

"ही मी काढत नाही," तो म्हणाला. "धारेवर रंग उरलेला नाही. काढायला गेलो तर खालचं पांढरं अस्तर दिसेल आणि मग रंगाऱ्याशिवाय इलाज नाही. आता ओरखडा फक्त जवळून दिसतो. राहू दे."

बाईंनी चष्मा वर केला, नाक टपाला लागेल इतक्या वाकल्या. त्यांचा चेहरा पुन्हा वर्गातला झाला होता. मी मनात म्हटलं, आता या म्हणतील, असं अर्धवट काम. उद्या लग्न आहे.

"तिसरीत," त्या म्हणाल्या, "तू शेवटची ओळ खोडायचास. परत लिहायचास, परत खोडायचास. कागद फाटेपर्यंत."

"म्हणून तर राहू दे म्हणतोय, बाई."

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "उद्याचा बांबू याच्यावरच येईल," त्या म्हणाल्या. "कापड घालायला सांगते भावाला."

"जाड घाला."

"दुहेरी घालते."

भाऊ खरंच साडेपाचला आला. गुलाबी फिती, बांबू, आणि प्लास्टिकच्या पिशवीत मांसाचा तुकडा. बांबू आमच्याच दुकानासमोर बांधला गेला. खाली वेन-थाओनं आपल्या हातानं दोन मऊ फडकी घातली. बाईंनी आमच्या टेबलावरच्या पूजेतलं एक संत्रं उचलून पाओ-पाओच्या हातात ठेवलं, आणि काळी गाडी गल्लीतून हळूहळू निघून गेली, तिच्या टपात आमच्या सगळ्यांच्या दुकानांच्या पाट्या उलट्या वाहत गेल्या.

मी संत्रं काढून घेतलं, पोरगी सालासकट खाईल म्हणून. वेन-थाओ जमिनीवर बसून छोटी पॅड धूत होता. त्याचे हात पाण्यात होते आणि स्थिर होते. शिनचूबद्दल मी विचारलं नाही. विचारावं लागेल असं वाटेना, तरी उद्या विचारीनच, माझा स्वभाव आहे तो.

"हे मळकं पाणी टाकून ये आधी," आ-पा त्याला म्हणाले. "आणि ही पॅड आत वाळत घाल."

"हो."

चंद्रकेकचा डबा त्यांच्या काखेत होता, झाकण लागलेलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, चष्मा चाचपला, आणि कात्री काढून माझ्या पुढ्यात धरली, मूठ माझ्याकडे करून.

"ही तुझ्याकडे ठेव."

मी घेतली.

"वेन-थाओ," ते दाराकडे बघत म्हणाले. "त्या पांढऱ्या गाडीवाल्याचा फोन नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

वेन-थाओनं पाण्यातून हात काढले. "आहे. कशाला?"

"लावून दे. मला बोलायचंय त्याच्याशी." मग जरा थांबून, "तूही थांब इथेच. ऐक."